ज्वारीची भाकरी, आंबील आणि आतड्यांतले जिवाणू

मांजराकाठ (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला. वय चौऱ्याहत्तर, तरी अंगाने काटक माणूस. रुग्णालयात दहा दिवस शिरेतून प्रतिजैविके दिली गेली, छाती मोकळी झाली आणि आम्ही त्यांना गावी आणले. आठ दिवस बरे गेले आणि मग जुलाब सुरू झाले. दिवसातून दहा-बारा वेळा, सोबत बारीक ताप आणि पोटात मुरडा. गावात तेव्हा टँकरचे पाणी होते, म्हणून पाणी बाधले असे आम्ही गृहीत धरले. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि न विचारता आणखी एक प्रतिजैविक आणले, चार दिवस तसेच काढले आणि दुखणे वाढवून ठेवले. शेवटी लातूरला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी करून घेतली आणि हा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूचा प्रताप असल्याचे सांगितले.

मी त्यांना विचारले की हा जंतू आला कुठून. त्यांनी दिलेले उत्तर शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला एका क्षणात पटले. ते म्हणाले की सरसकट तणनाशक मारलेल्या रानात सगळ्यांत आधी पीक उगवत नाही, काँग्रेस गवत उगवते. वडिलांच्या मोठ्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू छातीच्या औषधांनी मारले गेले आणि ज्याचे बीजाणू (म्हणजे टणक कवचातले झोपी गेलेले रूप) त्या औषधांना दाद देत नाहीत, त्या एका जंतूला रान मोकळे मिळाले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. तरीही हा विषय मी नीट वाचला तो या दुखण्यानंतरच. आपल्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो आणि ते चुकीचे निघाले. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये नव्याने हिशेब मांडला. त्यानुसार प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी मानवी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. या सगळ्या जिवाणूंचे वजन सुमारे दोनशे ग्रॅम भरते आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

हे जिवाणू काय करतात, याचे सर्वांत साधे उत्तर असे की आपल्याला जे पचत नाही ते त्यांना पचते. धान्याचा कोंडा, डाळींची साले आणि भाज्यांचा चोथा यांतील बराचसा भाग लहान आतड्यातून जसाच्या तसा पुढे जातो. मोठ्या आतड्यातील जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटवर भागवतात. म्हणजे त्या अस्तराचे पोट जिवाणूंच्या उष्ट्यावर भरते, असे म्हटले तरी चालेल. शिवाय हे जिवाणू जागा आणि अन्न अडवून ठेवत असल्यामुळे परक्या जंतूंना सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. यकृतातून येणाऱ्या पित्ताम्लांचे रूपही ते बदलतात आणि या बदललेल्या पित्ताम्लांपैकी काही क्लॉस्ट्रिडिओइडिसची वाढ रोखून धरतात. वडिलांच्या पोटात ही सगळी राखण एकाच वेळी उठली होती.

या आजारावरील एक उपचार वाचून मी थक्क झालो. निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. किळस वाटेल, पण आकडे पाहा. १९५८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे बेन आयझमन यांच्या गटाने अत्यवस्थ रुग्णांवर हा प्रयोग केला होता. पुढे नेदरलँड्समध्ये, ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटत होता अशा रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. विष्ठारोपण केलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या १३ पैकी चारच जण. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

वडिलांवर ती वेळ आली नाही. तोंडावाटे दिलेल्या व्हँकोमायसिनने ते सावरले. मात्र माझ्या मनात एक प्रश्न राहून गेला आणि त्यासाठीच हा धागा काढतो आहे. औषधांनी हे रान उजाड होते हे मी डोळ्यांनी पाहिले. पण ज्वारी जाऊन ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला, पाणी टँकरचे झाले, घरोघरी मधुमेह शिरला, यांतल्या किती गोष्टींचा या जिवाणूंशी खरोखर संबंध आहे आणि किती गोष्टी आपण उगाच त्यांच्या माथी मारतो? जाणकारांनी लिहावे.

---

शंकासूर

सर, वडील बरे झाले हे वाचून आनंद झाला. आपण ज्या उदाहरणाने सुरुवात केली आहे, ते या क्षेत्रातील सर्वांत भक्कम उदाहरण आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ते फसवे आहे. एका ठिकाणी कारण, परिणाम आणि उपाय असे तिन्ही सिद्ध झाले, म्हणून लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य, कंपवात, स्वमग्नता या सगळ्यांची किल्लीही तिथेच सापडेल, असे आता सर्रास बोलले जाते. तिथे पुरावा त्या तोडीचा नाही.

लठ्ठपणाचेच घ्या. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले की लठ्ठ उंदरांचे जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले तर त्यांच्या अंगावर अधिक चरबी चढते. प्रयोग उत्तम होता. त्यानंतर मात्र जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे परस्पर प्रमाण मोजले की माणसाचा लठ्ठपणा कळतो, असा समज पसरला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो टिकला नाही. मधुमेहाचीही तीच गत आहे. रुग्णांच्या आतड्यांत जे वेगळेपण दिसले म्हणून सांगितले गेले, त्यातील बराच भाग त्यांना चालू असलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळीचा होता, हे २०१५ मध्ये उघड झाले. रोगाने जिवाणू बदलले, जिवाणूंनी रोग आणला की गोळीने दोघांनाही चकवले, हे केवळ विष्ठेचा नमुना पाहून ठरत नाही.

पुरावा कशाला म्हणावे याचा नमुना हवा असेल तर ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांच्याकडे पाहावे. जठराची सूज आणि व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे होतात, असे ते आणि रॉबिन वॉरन सांगत होते आणि कोणी मानायला तयार नव्हते. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, तपासणीत जिवाणू दाखवला आणि मग उपचार घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. असले धाडस प्रत्येकाने करावे असे मी म्हणत नाही, पण आधी कारण लावून दाखवावे आणि मग बाटली विकावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

---

बालाघाट

माझे शास्त्राचे शिक्षण नाही, शेती करतो, म्हणून ताटाविषयीच लिहितो. माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन वेळा ज्वारीची भाकरी असे आणि गव्हाची पोळी सणाला होई. आई सकाळी रात्रीची शिळी भाकरी ताकात कुस्करून, वर लसणाचा ठेचा घेऊन शेतात जात असे. सोबत अंबाडी, चुका, पाथरी, तांदुळजा, जे बांधावर मिळेल ते. आता रब्बीची मालदांडी ज्वारी मी कडब्यापुरती पेरतो, कारण बाकी सगळे सोयाबीन झाले आहे. माझी दोन्ही मुले भाकरीला नाक मुरडतात आणि पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा मात्र रोज लागतो.

येळवशीला (वेळ अमावास्येला) तरी जुने ताट जिवंत होते. रानात बसून भज्जी खायची. तिच्यात तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे हिरवे दाणे, हरभऱ्याची भाजी, चिंच, बेसन असे काय काय असते, आणि वर गाडगेभर आंबील. मला विचारायचे आहे ते या आंबिलीविषयी. मोबाइलवर एका व्याख्यानात ऐकले की आंबील म्हणजे आपले देशी प्रोबायोटिक आहे. हे खरे आहे का?

---

मांजराकाठ

बालाघाट दादा, उत्तर आंबील कशी करता यावर अवलंबून आहे आणि यावरून आमच्या घरातच दोन तट आहेत. माझ्या आजोळी ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून मग शिजवतात. आंबण्याने चव येते आणि पीठ पचायला हलके होते, पण उकळी आली की त्यातले जिवाणू मरतात. आमच्याकडे उलट करतात. ज्वारीची भरड आधी शिजवून पूर्ण गार करतात आणि मग तिच्यात ताक, लसूण, मीठ घालतात, त्यामुळे ताकातले जिवाणू जिवंत राहतात. तरीही तिला प्रोबायोटिक म्हणायला मी धजणार नाही. हा शब्द ज्या जिवाणूचा ठरावीक मात्रेत फायदा तपासून दाखवला आहे, त्याच्यापुरता राखलेला बरा. विरजणातले जिवाणू पोटात गेले तरी बहुधा पाहुणे म्हणून राहतात आणि काही दिवसांत निघून जातात. दह्याने आयुष्य वाढते हा विचार रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दह्यासाठी नव्हे. हे विसरून आजही त्यांच्या नावावर दही खपवले जाते.

मला आंबिलीतल्या ताकापेक्षा तिच्यातली गार झालेली ज्वारी अधिक महत्त्वाची वाटते. शिजवलेले पीठ गार झाले की त्यातील काही स्टार्चची रचना पुन्हा घट्ट होते आणि तो लहान आतड्यात पचत नाही. तो पुढे मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथल्या जिवाणूंचे खाद्य होतो. आपल्या आईंच्या शिळ्या भाकरीतही तेच घडत असणार. अशा न पचणाऱ्या स्टार्चचा औषधासारखा उपयोगही झाला आहे, आणि तो आपल्याच देशात. वेल्लोर येथील बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या रुग्णांना नेहमीच्या क्षारसंजीवनीत मक्याचा न पचणारा स्टार्च घालून दिला. जिवाणूंनी तो आंबवला की तयार होणारी मेदाम्ले मोठ्या आतड्याला सोडियम आणि पाणी शोषायला मदत करतात, असा तर्क त्यामागे होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुलाबाचे प्रमाण कमी झाले आणि तो लवकर थांबला. शंकासूर यांच्या कसोटीला उतरावे असे हे काम आहे, कारण त्यात आधी यंत्रणा सांगितली आणि मग माणसांवर परिणाम मोजला.

---

दुधनाकाठ

मी आरोग्यसेविका आहे. गेली अठरा वर्षे जालना जिल्ह्यातील उपकेंद्रांत बाळंतपणे आणि लसीकरण पाहते. या विषयाची सुरुवात भाकरीच्याही आधी, बाळाच्या पहिल्या दिवसापासून होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन घटक असतो, तो बाळाला पचतच नाही. त्या गुंतागुंतीच्या शर्करा आहेत. प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला कोड्यात पडल्यासारखे झाले होते, की निसर्ग आईच्या अंगातून एवढी मेहनत करून बाळाला न पचणारी वस्तू का तयार करून घेतो? उत्तर असे की ती बाळासाठी नसतेच, बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया या जिवाणूंसाठी असते. ते त्या शर्करांवर वाढतात, आतड्यात आम्लता आणतात आणि अपायकारक जंतूंना थारा देत नाहीत. म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी लावा, चीक फेकू नका, असे आम्ही कंठशोष करून सांगतो.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते. चिकाचे दूध जड म्हणून पिळून टाकणाऱ्या सासवा अजून भेटतात. मध चाटवणे, गुटी उगाळून देणे, साखरपाणी देणे हे तर सुशिक्षित घरांतही चालते. गुटी उगाळण्याची सहाण कुठल्या पाण्याने धुतली, याचा कोणी विचार करत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे दुखणे वेगळेच असते. कोयता चालवायचा असल्यामुळे दोन-तीन महिन्यांचे बाळ पालाच्या सावलीला ठेवून ती फडात जाते आणि अंगावरचे दूध लवकर सुटते. अशा बाईला समुपदेशन काय करायचे, असा प्रश्न मला दर हंगामात पडतो.

ओडिशातील अभ्यासाची माहिती आम्हाला एका कार्यशाळेत मिळाली होती. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखाली तेथील खेड्यांतील ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी झाली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि त्याला पोसणारी शर्करा एकत्र दिली. पहिल्या साठ दिवसांत जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. गोदातीर डॉक्टरांनी यावर लिहावे अशी विनंती आहे, कारण हे ऐकून एका पालकाने दुकानातून कुठलीशी पुडी आणून बाळाला पाजली होती.

---

गोदातीर

ताई, त्या पालकाला आपण थांबवले असेलच. ओडिशातील बाळे पूर्ण दिवसांची किंवा त्याच्या जवळपासची होती, दोन किलोंहून अधिक वजनाची होती आणि सर्व अंगावर पिणारी होती. दिलेला जिवाणूही अनेक वाणांतून पारखून निवडलेला होता. दुकानातील पुडीत वेगळा जिवाणू असतो आणि तो किती जिवंत आहे हे वेष्टनावरून कळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर असे जिवाणू रक्तात उतरून जीव जाऊ शकतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे.

मोठ्या मुलांच्या जुलाबातही पालक ही पुडी आवर्जून मागतात. अमेरिका आणि कॅनडा येथे तीव्र जुलाबाच्या मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि दोन्हींत लॅक्टोबॅसिलसचा काही उपयोग दिसला नाही. आपल्याकडे क्षारसंजीवनी, चौदा दिवस जस्ताची गोळी आणि चालू आहार यांनी भागते. पुडीचे पैसे केळी आणि शेंगदाण्यावर खर्च झाले तर मला अधिक आनंद होईल.

शेंगदाणा म्हटला तो सहज नव्हे. या क्षेत्रातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम कुपोषणावर झाले आहे आणि आपल्या भागात त्याची चर्चाच नाही. कुपोषित मूल उपचार आहार घेऊन वजन वाढवते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येते, हे आम्ही बालरोगतज्ज्ञ कायम पाहतो. आफ्रिकेतील मलावी देशात गॉर्डन यांच्या गटाने जुळ्या मुलांचा अभ्यास केला. काही जोड्यांत एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या भावंडांपैकी एकाला सूज येणारे कुपोषण झाले आणि दुसरे ठणठणीत राहिले. आजारी भावंडाचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडून त्यांना मलावीतले निकस अन्न दिले तेव्हा त्यांचे वजन झपाट्याने घसरले. हा अभ्यास २०१३ चा आहे. पुढे असेही दिसले की कुपोषित मुलाच्या आतड्यातील जिवाणूंची जडणघडण त्याच्या वयाच्या मानाने मागे राहते. मूल दीड वर्षाचे आणि जिवाणू जणू सात-आठ महिन्यांचे, असे काहीसे.

मग ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेतील तहमीद अहमद आणि गॉर्डन यांनी प्रश्न उलटा केला. जिवाणू पुडीतून देण्याऐवजी, आत आहेत त्यांनाच वाढवणारे अन्न कोणते? त्यांनी बांगलादेशात सहज मिळणारे जिन्नस तपासले आणि जे मिश्रण निवडले त्यात हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणा आणि कच्ची केळी होती. ढाक्यातील मीरपूरच्या झोपडपट्टीत मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने ते दिले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला प्रचलित तयार आहार दिला, ज्यात उष्मांक अधिक होते. तरीही २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात वजन अधिक वेगाने वाढले ते उष्मांक कमी असलेल्या पहिल्या गटाचे.

हरभरा, सोयाबीन आणि शेंगदाणा. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लातूरच्या बाजार समितीतली आवक वाचतो आहे की काय, असे वाटले होते. अर्थात हे मिश्रण शिजवून, बारीक करून, जीवनसत्त्वे आणि खनिजे घालून ठरावीक मात्रेत दिले होते. घरी सोयाबीन दळून वर्षाच्या मुलाला चारू नये. कच्चे सोयाबीन पचत नाही.

---

पुण्यातला परभणीकर

मी एक चूक कबूल करतो. मागच्या दिवाळीत काही हजार रुपये देऊन मी एका कंपनीकडून आतड्यातील जिवाणूंची तपासणी करून घेतली. घरपोच डबी आली, नमुना पाठवला आणि तीन आठवड्यांनी रंगीत अहवाल मिळाला. त्यात मला शंभरपैकी एकसष्ट गुण होते. प्रिव्होटेला हा जिवाणू प्रमाणाबाहेर जास्त असून विविधता कमी आहे, असा शेरा होता आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या कॅप्सूलची शिफारस होती. मी परभणीत वाढलो, रोज भाकरी-वरण खातो. माझ्या पोटात असे काय बिघडले असावे?

---

शंकासूर

बहुधा काहीच नाही. प्रमाणाबाहेर म्हणजे कोणाच्या प्रमाणाबाहेर, हे त्यांना विचारा. भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेतील गटाने २०१९ मध्ये मध्य-उत्तर आणि दक्षिण भारतातील ११० निरोगी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात धान्य-डाळींवर जगणाऱ्या भोपाळकडच्या लोकांत प्रिव्होटेलाचाच भरणा होता. बुर्किना फासोतील खेड्यातली मुले आणि फ्लॉरेन्समधील मुले यांची तुलना २०१० मध्ये झाली, तेव्हा चोथायुक्त अन्न खाणाऱ्या आफ्रिकी मुलांतही तो सापडला. आपली तपासणी पाश्चात्त्य लोकांच्या सरासरीवर केली असेल तर ज्वारी खाणारा प्रत्येक माणूस नापास होईल.

या जिवाणूची कुंडली मोठी गमतीची आहे. त्याची एक जात, प्रिव्होटेला कोप्री, नव्याने संधिवात झालेल्या रुग्णांत अधिक आढळल्याचे २०१३ मध्ये अमेरिकेत नोंदले गेले, म्हणून तो खलनायक झाला. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये जवाचा पाव खाऊन ज्यांची रक्तशर्करा सुधारली, त्यांच्यात तोच जास्त होता, म्हणून तो नायक झाला. डॉक्टरांनी लिहिलेल्या ढाक्याच्या मिश्रणाचा पुढे तपास झाला, तेव्हा वजन वाढण्याशी ज्यांचा संबंध जुळला त्यांतही याच प्रिव्होटेला कोप्रीचे काही वाण निघाले. एकाच जातीचे वाण वेगळे, खाणाऱ्याचे ताट वेगळे आणि परिणाम वेगळा. याला शंभरपैकी गुण कसे द्यायचे?

---

मांजराकाठ

शंकासूर यांच्याशी मी या बाबतीत पूर्ण सहमत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्यासारख्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंच्या वेगळेपणावर बरेच काम केले आहे. आपल्या लोकांचे प्रमाण काय, हे तशाच कामातून ठरेल.

परभणीकर, आपल्या अहवालाच्या निमित्ताने एक अभ्यास सांगतो. थायलंडमधून अमेरिकेच्या मिनेसोटात गेलेल्या हमाँग आणि करेन समाजांतील लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर काही महिन्यांतच त्यांच्या जिवाणूंची विविधता घटू लागली, प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइडिसने घेतली आणि चोथा पचवणारी काही विकरे नाहीशी झाली. दुसऱ्या पिढीत घट आणखी दिसली. परभणीहून पुण्याला जाणे म्हणजे काही मिनेसोटा नव्हे, पण ताट बदलले की आत काय होते याची कल्पना येते. आपण पुण्यात राहूनही ताट बदललेले दिसत नाही, मग कॅप्सूल कशाला?

औषधांनंतर कॅप्सूल घेण्याचा प्रश्न आमच्यापुढेही आला होता. वाइझमन संस्थेतच एरान एलिनाव्ह यांच्या गटाने २०१८ मध्ये एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला आहे. प्रतिजैविकांनंतर ज्यांना प्रोबायोटिक दिले, त्यांचे मूळ जिवाणू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ लागला. म्हणजे बाहेरून आणून लावलेल्या रोपांनी रानातले मूळ बियाणे उगवू दिले नाही. मोजकेच लोक होते, पण आमच्या डॉक्टरांनीही पुडी दिली नाही आणि मी आग्रह धरला नाही.

---

बालाघाट

इतके वाचून मी मंडळींना म्हणालो की उद्यापासून दोन्ही वेळा भाकरी आणि हरभऱ्याची उसळ. त्यांना साखर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. दोन दिवसांत पोट इतके फुगले की मला बोलणी खावी लागली. आता काय करावे?

---

गोदातीर

माझा विषय लहान मुलांचा आहे, तरी सर्वसाधारण सांगतो. चोथा आंबवणारे जिवाणू ज्यांच्या आतड्यात कमी झाले आहेत, त्यांना तो एकदम वाढवला की वायू होतो. मेटफॉर्मिननेही पोट बिघडू शकते. आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. आधी एका वेळची भाकरी, उसळीऐवजी पातळ वरण, हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून मऊ शिजवलेला, आणि पाणी भरपूर. मुख्य म्हणजे भाकरीतही स्टार्च आहेच, तेव्हा साखर तपासत राहावी आणि गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये. वजन उतरणे, शौचातून रक्त जाणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर धागा वाचत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

---

दुधनाकाठ

मांजराकाठ सर, एक विचारायचे राहिले. या आजारात घरच्यांनी काय काळजी घ्यायची, हे आपल्याला कोणी सांगितले होते का? आमच्या भागातही असा एक रुग्ण आला आहे.

---

मांजराकाठ

ताई, सांगितले होते आणि ते फार उपयोगी पडले. या जंतूचे बीजाणू हाताला लावायच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, त्यामुळे दर वेळी साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे. टँकरच्या दिवसांत वाहते पाणी म्हणजे एकाने तांब्याने ओतायचे आणि दुसऱ्याने धुवायचे. शौचालय आणि दाराची कडी ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसायची, कपडे वेगळे धुवायचे. बरे झाल्यावरही साधारण पाचांपैकी एकाला हा आजार उलटतो, म्हणून दोन महिने लक्ष ठेवायला सांगितले होते. मुरडा असताना जुलाब बंद करणारी गोळी द्यायची नाही. ती दिली, ही आमची पहिलीच चूक होती.

गेल्या महिन्यात वडिलांची दाढ दुखू लागली. दंतवैद्यांनी सवयीने प्रतिजैविक लिहायला घेतले तेव्हा वडिलांनीच स्वतःची फाइल पुढे केली. तिच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने, "प्रतिजैविकानंतर सी. डिफिसिल झाले होते, देण्यापूर्वी विचार करावा" असे लिहून चिकटवले आहे. ते वाचून त्यांनी पुन्हा तपासले आणि पू पसरलेला नाही, दाढ काढली की पुरेल, असे सांगून साध्या वेदनाशामकावर भागवले. आपल्या रुग्णाच्या कागदांवरही असा शेरा लावून द्यावा. बालाघाट दादांच्या आंबिलीविषयी मी डॉक्टरांना विचारले होते. वडिलांना येळवशीला ती पिता येईल, फक्त ताक त्याच दिवशीचे असावे आणि ते उकळून गार केलेल्या पाण्यात केलेले असावे, असे त्यांनी सांगितले आहे.